दातांचा ठसा

"कुत्रा चावला होता," असं ताईनं पोरांना सांगितलं, आणि तेही हसत.

बारकी तेव्हा पोहण्याच्या तलावाशी, कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभी होती. ताई सकाळी घाईत फोन घरीच विसरली होती. तो द्यायला ती वाट वाकडी करून आली होती, आणि येताना मन इतकं खुशीत होतं की तिचं तिलाच हसू येत होतं. ताईसारखी ताई शोधून सापडायची नाही, असं ती वाटभर स्वतःशी म्हणत होती. ताईला एक चांगला जाड टॉवेल घ्यावा, संध्याकाळी तिचे पाय चेपून द्यावेत, आयुष्यात तिला कशाचं म्हणून कमी पडू देऊ नये. बारकीचं प्रेम यायचं तेव्हा असंच यायचं, दोन्ही काठ बुडवून. आतून औषध टाकलेल्या पाण्याचा वास येत होता, पोरांचा कलकलाट चालला होता, आणि मध्येच एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमच्या हाताला काय झालंय?" पोहायला शिकवणाऱ्या बाईचे हात उघडेच असायचे. उजव्या कोपराखालची ती अर्धगोल खूण पाण्यानं ओली होऊन चमकत असणार. "कुत्रा चावला होता," ताई म्हणाली. "पाळलेला?" "पाळलेला. फार लाडका." "मग हाकलून दिलात त्याला?" "छे गं! आहे की अजून घरी." "अजून चावतो?" "नाही, आता शहाणा झालाय. चला, तोंडं पाण्यात. बुडबुडे काढा बघू." पोरं खिदळली, बुडबुडे निघाले. फोन दारातल्या बारकीच्या हातातच राहिला. ती आली तशी मागे फिरली.

नाव बारकी, पण उंचीनं ताईपेक्षा वीतभर जास्त. तिशी केव्हाच उलटली होती, तरी लहानपणचं नाव अंगाला चिकटून राहिलं होतं, आणि ताईशिवाय त्या नावानं हाक मारणारं जगात आता कुणी उरलं नव्हतं. ती दातांच्या कारखान्यात कामाला होती. म्हणजे दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाची मापं यायची, त्यांत प्लास्टर ओतून साचा काढायचा, आणि त्या साच्यावर मेणानं दात घडवायचे. तिथे एक रीत होती. नवा माणूस कामाला लागला की पहिला साचा त्यानं स्वतःच्या तोंडाचा काढायचा. मालक म्हणायचे, "दुसऱ्याच्या तोंडात शिरण्याआधी आपलं तोंड काय लायकीचं आहे ते बघा." ते साचे भिंतीवरच्या उंच फळीवर कायमचे ठेवलेले असत. बारकीचाही होता. वरचा डावा सुळा रांग सोडून पुढे आलेला, खालचे दोन दात एकमेकांच्या अंगावर रेललेले. ताईच्या हातावरच्या अर्धगोलाबाहेर एक खूण अशीच एकटी पडली होती, रांग सोडून. कुत्र्याचा चावा असा नसतो. कुत्र्याला एवढी रुंद जिवणी नसते.

रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, एका दुकानाचं शटर कुणीतरी वर ढकलत होतं, आणि त्या सगळ्याचा तिला एकदम संताप आला. कुत्रा. पाळलेला. शहाणा झालेला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते काही खोटं नाही, पण तिच्या बाबतीत ती मस्तकात जाऊन थांबत नसे. ती हातात उतरायची, जबड्यात उतरायची. घटकेपूर्वी जिचे पाय चेपायचे होते ती बाई आता तिला डोळ्यांसमोर नको होती. ढोंगी. रोज पोरांपुढे माझं हसं करत असेल, आणि घरी येऊन विचारत असेल, जेवलीस का गं. म्हणजे भाकरीचा तुकडाच टाकायचा, शेपूट हलवतंय का ते बघायचं. तिचा हात वर गेला आणि फोन समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. काच फुटली. ती तेवढ्यानं थांबली नाही. तिनं तो उचलला, पुन्हा मारला, मग चपलेच्या टाचेखाली घेतला. एक म्हातारे गृहस्थ पिशवी छातीशी धरून बाजूला सरकले. "काय बघताय?" ती त्यांच्यावर ओरडली. तिचा आवाज तिलाच भुंकल्यासारखा वाटला. फोनचा चुरा झाला तेव्हा अंगातून हलकं गार वारं गेल्यासारखं झालं, दोन पावलं चालण्यापुरतं. मग लाज आली. ताईचा फोन. ताईनं पै पै साठवून घेतलेला. आता ताई काय म्हणेल? ताई काही म्हणणार नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

कारण काही न म्हणणं म्हणजे काय, हे तिला आईनं शिकवलं होतं. आई हात उगारत नसे. आई बोलायची बंद व्हायची. पाणी सांडलं, शाळेतून यायला उशीर झाला, कधीकधी कशानं ते कळायचंही नाही, आणि आईचा अबोला सुरू व्हायचा. आई घरातच असायची, भांडी घासायची, पण बारकीच्या अंगावरून नजर अशी न्यायची जशी खुर्चीवरून नेतात. बारकी आईपुढे दाताच्या कण्या करायची. पदर धरायची, पाया पडायची, मग किंचाळायची, मग थाळी फेकायची. सगळं करून झालं की कोपऱ्यात बसून स्वतःच्या मनगटाला चावायची, कारण दुखलं की निदान आपण आहोत एवढं कळायचं. आणि चावल्यावर कुणीतरी बघायचं. बघणारी ताई असायची. ताई दोघींच्या मधली डाकवाली. "आई म्हणतेय जेवून घे." आईनं असं म्हटलेलं नाही, हे बारकीला कळत असे. तरी ती जेवायची. आई गेली तेव्हाही तिच्याशी न बोलता गेली, आणि बारकीला अजून वाटायचं की ते मरण नव्हतंच, आईचा सगळ्यांत लांबलेला अबोला होता तो.

चाव्याची ती दुपारही अशीच उन्हाची होती. ताईला कसल्याशा प्रशिक्षणाला परगावी जायचं होतं, चार दिवस. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. ताई समजावत होती, रोज फोन करीन, डबा लावून दिलाय, आणि बारकीला ऐकू येत होतं ते एवढंच, की चाललीस. दाराच्या कडीकडे गेलेला तो हात तिनं पकडला आणि दात रोवले. त्यानंतरचं तिला तोंडानं आठवतं. मिठासारखी चव, केसांचा स्पर्श, आणि खाली काहीतरी टणक. ताईनं हात ओढला नाही. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो तेव्हा झटापट करायची नसते, हे तिच्या धंद्यातलं ज्ञान. ती भिंतीला टेकली, डोळे मिटले, आणि बारकीचा जबडा थकेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "आज मी जात नाही. पण ऐकून ठेव, बारके. पुन्हा माझ्यावर हात टाकलास, हात, दात, काहीही, तर त्याच दिवशी मी घर सोडीन. भांडून नाही. सांगून जाईन." दवाखान्यात तिनं कुत्रा चावल्याचं सांगितलं. मग काय, कुत्र्याची इंजेक्शनं आली. एक घेऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा बोलावतात. ताई निमूटपणे सगळी घेत गेली, आणि बारकी दर वेळी बाहेरच्या बाकावर तिची पर्स धरून बसायची. "खरं सांगून टाक ना," ती एकदा रडत म्हणाली. ताई दंड चोळत हसली. "आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगू?" त्या दिवशी ते खोटं दोघींचं होतं, एका पांघरुणासारखं. आज ताईनं ते पोरांना खाऊसारखं वाटून टाकलं होतं.

त्यानंतर एक डॉक्टरीणबाई मिळाल्या. त्यांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, आणि बारकीचा चेहरा पाहून कागद बाजूला ठेवला. "तुम्ही दातांचं काम करता ना? दातावरचं कवच झिजलं की काय होतं?" "झिणझिण्या येतात. साधं पाणीही सोसत नाही." "तुमच्या मनाचं तसं आहे. लोकांना गार लागतं तिथे तुम्हाला कळ येते. कळ खोटी नसते. पण कळ आली म्हणून समोरच्याचा दात पाडायचा नसतो." बारकी त्या दिवशी घरी येईपर्यंत त्या बाईंच्या प्रेमात पडली होती, आणि पुढच्या खेपेला बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं म्हणून त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट भिंतीवर मारून आली होती. बाईंनी तरी तिला ठेवलं. गार पाण्यात तोंड घालायला शिकवलं. राग डोक्यात चढला की घमेल्यात गार पाणी घ्यायचं, श्वास रोखायचा, तोंड बुडवायचं, शरीर आपोआप मंदावतं. ताईनं तर तलावावर नेऊन सराव करून घेतला. ताईचा तळहात मानेवर, दाबणारा नाही, नुसता ठेवलेला. पाण्याखाली सगळे आवाज लांब जायचे. वर आल्यावर ताई विचारायची, "आलीस?" आणि ती म्हणायची, "आले." बरीच वर्षं असंच निभावलं होतं. थाळ्या फुटल्या, दारं आपटली, एकदा तर खिडकीची काच गेली, पण ताईच्या अंगाला बोट लागलं नव्हतं.

कारखान्यात पोचली तेव्हा घमेलं तिथेच मोरीत होतं. नळही होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, शहाणं व्हायचं का पुन्हा? शहाणा झालाय म्हणे. ती आपल्या जागेवर बसली, दिवा पेटवला, मेण तापवायला घेतलं. शेजारी कवळीवाला बसायचा, गुणगुणत कवळ्या घासणारा सरळ माणूस. तो म्हणाला, "काय गं, आज तोंड का उतरलंय? ताईनं मारलं की काय?" एवढंच. रोजची थट्टा. पण तिला त्यात कुणीतरी शीळ घालून बोलावल्यासारखं ऐकू आलं. सगळ्यांना माहीत आहे. सगळे हसतायत. ती उठली, आणि समोरची मांडणी दोन्ही हातांनी धरून तिनं पुढे ओढली. आठवडाभराचे साचे होते. कुणाची दाढ, कुणाच्या दोन दातांमधला पूल, कुणा आजोबांचं बोळकं, सगळे जबडे एकमेकांवर आपटत खाली आले आणि पांढरा धुरळा उडाला. एक जबडा पायाशी गडगडत आला, तो तिनं लाथेनं उडवला. मेणाचा दिवा कलंडला. कवळीवाल्यानं तो झडप घालून विझवला, आणि तसं करताना त्याचा हात भाजला. "अगं बाई, तू... तू काय..." तो बोटं तोंडात घालून तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. हे भ्यालेले डोळे तिनं आयुष्यभर पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी तिला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, भ्यालेली मी आहे.

मालक आतून आले. त्यांनी जमिनीकडे पाहिलं, भाजलेल्या हाताकडे पाहिलं, मग चष्मा काढून शर्टाला पुसला. "घरी जा," ते म्हणाले. "मला बोलायचंय," ती म्हणाली, "तुम्ही मला विचारा तरी काय झालं." "आज नाही. आज बोललो तर वाईट बोलेन. उद्या बघू." ते पाठमोरे झाले. खरं तर माणूस समजुतीचं बोलला होता, पण तिला फक्त पाठ दिसली. भांडी घासणारी, न वळणारी पाठ. तिनं हात उंच करून वरच्या फळीवरचा स्वतःचा साचा काढला. गिऱ्हाइकांचे सगळे फुटले आणि आपला तेवढा शाबूत, याचंही तिला हसू आलं. मुठीत मावणारा तो जबडा हातात घेऊन ती बाहेर पडली.

वाटेत एकदाच तिचं डोकं थोडं निवळलं. एका नळावर कुणी बादली भरत होतं, त्या पाण्याच्या आवाजानं असेल. आता घरी जा, तिला तिनंच सांगितलं, झोप, ताई आली की सांग, फोन मी फोडला, नोकरी बहुतेक गेली, कुत्रा म्हणालीस ते मला लागलं. इतकं सोपं होतं. पण मग तिला पुढचंही दिसलं. ताई ऐकून घेईल. मान हलवेल. आणि एक दिवस, आज नाही तर पुढच्या वर्षी, कडीकडे हात नेईल. जाणारच आहे ती. सगळे जातात. जायचंय तर मग आत्ताच जाऊ दे, माझ्या डोळ्यांदेखत जाऊ दे, वाट बघणं नको. जी गोष्ट होऊ नये म्हणून ती इतकी वर्षं जिवाचं रान करत आली होती तीच आता आपल्या हातानं उरकून टाकावी, असं तिला वाटू लागलं. या विचारानं तिला बरं वाटलं. पावलं तलावाकडे वळली.

दुपारची तुकडी होती. उथळ पाण्यात पोरं काठ धरून पाय मारत होती आणि ताई कमरेपर्यंत पाण्यात उभी होती. "हा बघा!" बारकी काठावरून ओरडली. "बाईंना चावलेला कुत्रा बघायचाय ना? हा बघा!" तिनं साचा उंच धरला. पोरांनी माना वळवल्या, आणि मग झालं ते असं की पोरं हसली. त्यांना ते खेळणं वाटलं. "दात! दात!" एक जण ओरडला, दुसरीनं आपले दात कटकट वाजवले, मग सगळीच वाजवू लागली. ताई हसली नाही. ती शिडी चढून बाहेर आली, अंगावरून पाणी निथळत, एक तळहात पुढे धरून, हळू. "बारके," ती म्हणाली, "आधी तोंड पाण्यात. बाकी सगळं मग. मी आहे इथे." हे तिनं शंभरदा म्हटलं होतं आणि शंभरदा त्यानं भागलं होतं. पण त्या पुढे आलेल्या तळहातात बारकीला बिस्किट दिसलं, आणि मागे त्या पोरांचे दात वाजत होते. "मी कुत्रा नाही!" ती किंचाळली. "सांग त्यांना! खरं सांग! कोण चावलं ते सांग!" "सांगते. आधी तो साचा खाली..." आणि हात सुटला.

साचा ताईच्या भुवईवर लागला. आवाज फार झाला नाही. ताई दोन पावलं मागे गेली, फरशीवर बसली, आणि तिच्या बोटांमधून रक्त खाली आलं, पाण्यात मिसळून पातळ आणि खूप. साचा फरशीवर पडून फुटला. ताईनं एका हातानं टॉवेल ओढून कपाळावर दाबला, आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "कुणी पळायचं नाही. काठ धरून एकामागून एक शिडीकडे. शाब्बास. बाहेर येऊन बाकावर बसा." पोरं एकेक करून निघाली. शेवटी निघालेली मुलगी सकाळच्या त्या मुलीसारखीच चौकस होती. ती ताईपाशी थबकली. "बाई, काय झालं?" बारकीला वाटलं, आता कुत्रा म्हणेल. पाय घसरला म्हणेल. ताईनं टॉवेल जरा बाजूला केला, मुलीकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या बहिणीनं मारलं."

आणि पहिलं जे वाटलं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. बारकीला आनंद झाला. बहीण. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. आयुष्यभर जे मागत होती ते तिला मिळालं होतं. मग उरलेलं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं.

"ताई."

"मी सांगितलं होतं ना," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आज सामान नेते. टाके घालून झाले की."

"परत येशील?"

"ते आज विचारू नकोस. आज मला राग आलाय. मलाही येतो गं राग. तुला कधी वाटलंच नाही, नाही का?" ती उठायला गेली, हेलपाटली, बारकी पुढे झाली तशी ताईनं हात आडवा केला. तोच हात, खूण असलेला. "हात लावू नकोस. डॉक्टरीणबाईंना फोन कर. तूच कर, मी करणार नाही." तलावावरच्या रखवालदाराचा खांदा धरून ती दाराकडे निघाली. फरशीवर तिची ओली पावलं उमटत गेली. तिनं वळून पाहिलं नाही.

बारकीला तिच्या मागे धावायचं होतं. पाय धरायचे होते, दारावर डोकं आपटायचं होतं, मनगट तोंडाशी आलंच होतं. अंगातलं सगळं त्या दाराकडे ओढ घेत होतं. पण फरशीवर प्लास्टरचे तुकडे होते, धारदार, दात वर करून पडलेले, आणि बाकावरची पोरं अनवाणी होती. ती खाली बसली. काठावरून वाकून तिनं तोंड पाण्यात घातलं, मानेवर कुणाचाही तळहात नसताना, आणि छाती फुटायची वेळ येईपर्यंत ठेवलं. वर आली तेव्हा कुणी काही विचारलं नाही.

"आले," ती म्हणाली. मग गुडघ्यांवर सरकत, मोठे तुकडे आधी आणि बारीक कण मागून, ते सगळं ती ओंजळीत गोळा करू लागली.